कळविले आणि कळले

वकिलीचा धंदा असा आहे की, माणूस जिंकलेले खटले विसरतो आणि हरलेले आठवीत बसतो. माझ्या बाबतीत एका खटल्याने हा नियम उलटा करून टाकला. तो खटला मी जिंकलो होतो. आणि दहा-अकरा वर्षे लोटली तरी तो मला सोडावयास तयार नाही. कारखाना असो, पेढी असो की देवस्थानाची कचेरी असो, जेथे चार माणसे पगारावर राबतात आणि एक माणूस त्यांना काम सांगतो, तेथे एकाचे म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोचते कसे आणि वाटेत मरते कसे, हे मला त्या खटल्याने शिकविले. आपल्या वाचकांत नोकरी करणारे पुष्कळ आहेत, नोकर ठेवणारेही थोडेथोडके नाहीत, आणि देवळाच्या कारभारात लक्ष घालणारे तर घरोघर आहेत. तेव्हा ही हकीकत परक्यांपुढे मांडतो आहे असे मला वाटत नाही.

आमचे घराणे मूळचे कारवारकडचे. वडील शिक्षक होते. मराठी शाळेत जागा मिळाली म्हणून ते आदिलाबादेस आले आणि येथलेच झाले. त्यामुळे माझ्या बालपणी प्रत्येक उंबऱ्याला एक निराळी भाषा होती. घरात आईची कोंकणी, शाळेत मराठी, बाजारपेठेत तेलुगू, सायकलच्या दुकानात दखनी उर्दू, आणि आठवड्याच्या बाजाराला डोंगरातून उतरलेल्या मंडळींच्या तोंडी गोंडी नि कोलामी. ज्यांनी हा मुलूख पाहिला नाही त्यांना याचे कौतुक वाटेल. येथे ते रोजच्या भाकरीइतके साधे आहे. जुनी माणसे गावाला अजून एदलाबाद म्हणतात. निजामाच्या राज्यातील या जिल्ह्यातून १९५६ साली राजुरा आणि किनवट हे मराठी भाग निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि पैनगंगा सरहद्द झाली. २०१४ साली तेलंगण राज्य झाले; २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरच्या रेघा अशा हलत राहिल्या, परंतु नदीच्या अलीकडे राहिलेल्या मराठी माणसाने काही घर हलविले नाही. तो घरी मराठी बोलतो, बाजारात तेलुगू बोलतो, आणि वाचावयाचे झाले तर शाळेत गिरविलेली बाळबोध अक्षरे तेवढी वाचतो.

हा शेवटचा तपशील ध्यानात ठेवावा. साऱ्या खटल्याची मेख तेथेच आहे.

आमच्या जिल्ह्याचे जीवन कापसावर चालते. काळी जमीन, पावसाचा भरवसा नाही, आणि दिवाळी आली की बाजार-आवारात कापसाच्या गाड्यांची रांग. जिनिंगमध्ये सरकी निराळी होते, रुई प्रेसमध्ये जाते आणि सुमारे १७० किलोची गाठ होऊन बाहेर पडते. अशाच एका कारखान्याचा मी वकील होतो. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. मालक हैदराबादेस राहत. त्यांचा पत्रव्यवहार इंग्रजीत चाले. व्यवस्थापक किनाऱ्याकडचे, तेलुगू. मुकादम दखनी बोलणारा. कामगारांत निम्म्याहून अधिक तेलुगू, बाकीचे पैनगंगेकाठचे मराठी, काही गोंड. मालकाचा शब्द हैदराबादेहून निघून प्रेसवरच्या शेवटच्या माणसापर्यंत यावयाचा तो तीन ओढे ओलांडून. आणि प्रत्येक ओढ्यात थोडा थोडा वाहून जावयाचा.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरले की डाव्या हाताला भिंतीवर एक लाकडी चौकट होती. तिला बारीक जाळी होती आणि लहानसे कुलूप होते. चौकटीत कागद डकविलेले असत. हा फळा मालकाच्या हौसेखातर नव्हता. कायद्याने तो लावणे भाग होते. तेव्हा १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा अमलात होता. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने हजेरी, रजा, शिस्त, शिक्षा यांच्या शर्ती लिहून काढाव्यात, त्या सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्याव्यात, आणि बहुतेक कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराजवळ खास फळ्यांवर इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात, अशी त्यात आज्ञा होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने तर आणखी बजावले होते की, लावलेल्या सूचना स्वच्छ आणि वाचता येतील अशा स्थितीत ठेवाव्यात. धूळ आणि रुईचे तंतू डोळ्यांसमोर आणून मसुदा करणाऱ्या कोणा माणसाने तो शब्द घातला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आमच्या कारखान्याचा फळा कायद्याला केसभरही कमी नव्हता. एक प्रत इंग्रजीत, एक तेलुगूत. बहुसंख्य कामगार तेलुगू होते, तेव्हा यात कोणाला बोट ठेवावयास जागा नव्हती.

आता खटला. प्रेसवर नऊ वर्षे काम केलेला एक कायम कामगार होता. पैनगंगेच्या काठच्या खेड्यातला, मराठी. हंगाम नुकताच सुरू झालेला. वडील अत्यवस्थ असल्याचे कळले म्हणून त्याने चार दिवसांची रजा घेतली. रजेच्या दुसऱ्याच दिवशी वडील गेले. गावचा एक सोबती कारखान्याकडे निघाला होता, त्याच्याजवळ त्याने निरोप दिला: वडील वारले, दिवस करून येतो. सोबत्याने तो निरोप मुकादमाला सांगितला. मुकादम "ठीक आहे" म्हणाला. आणि त्या "ठीक आहे"च्या पुढे तो निरोप एक पाऊलही गेला नाही. पंधराव्या दिवशी डोके भादरलेला तो माणूस फाटकाशी आला तेव्हा पहारेकऱ्याने त्याला सांगितले की, तुझे नाव निघाले.

स्थायी आदेशांत कलम होते की, रजा संपल्यावर आठ दिवसांच्या आत जो परत येऊन समाधानकारक कारण देणार नाही त्याचा नोकरीवरील हक्क जाईल. चार आणि आठ बारा. हा आला पंधराव्या दिवशी. आता १९९३ साली डी. के. यादव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला आहे की, असे कलम असले तरी माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय त्याला परस्पर काढून टाकता येत नाही. हे मला ठाऊक होते. मी व्यवस्थापकांना चौकशी करावयास सांगितले. चौकशीची नोटीस रजिस्टर पोस्टाने त्याच्या गावी गेली, सोबत आरोपपत्र. दोन्ही इंग्रजीत, खाली तेलुगू भाषांतर. त्याने पोचपावतीवर सही केली. नोटीस घेऊन तो फाटकावर आला. फाटकावरून त्याला कचेरीत पाठविले. कचेरीत "साहेब आल्यावर या" म्हणून सांगितले. चौकशीची तारीख निघून गेली. चौकशी एकतर्फी झाली आणि त्याची नोकरी गेली.

कामगार न्यायालयात त्याची उलटतपासणी मीच घेतली. मी विचारले, "निरोप पाठविला म्हणता, त्याचा कागद आहे?" तो म्हणाला, "नाही." मी विचारले, "फाटकाजवळ फळा आहे हे तुम्हांला ठाऊक होते?" तो म्हणाला, "रोज दिसे." मी विचारले, "पोचपावतीवरची सही तुमचीच?" तो म्हणाला, "माझीच." तीन प्रश्न, तीन उत्तरे. मी खाली बसलो तेव्हा माझ्या मनात समाधानाखेरीज दुसरे काही नव्हते. निकाल आमच्या बाजूने लागला.

निकालाच्या दिवशी ओसरीत तो माझ्यापाशी आला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी त्याला टाळून पुढे गेलो असतो. पण राग नव्हता. तो म्हणाला, "साहेब, एक विचारू? त्या फळ्यावर लिवलं तरी काय होतं?"

फळ्याचे छायाचित्र आम्ही पुराव्यात निशाणी म्हणून दाखल केले होते. त्याची प्रत माझ्या फायलीत होती. मी ती काढली आणि ते कलम त्याला मराठीत वाचून दाखविले. पुरता अर्धा मिनिटही लागला नाही. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "एवढंच होतं? हे कोनी सांगितलं असतं तर दहावा करून आलो असतो जी. तेरवी भावानं केली असती."

वाचकांनी हिशेब करून पाहावा. दहावा आटोपून निघाला असता तर तो बाराव्या दिवशी, म्हणजे मुदतीच्या आत, फाटकाशी उभा राहिला असता. नऊ वर्षांची नोकरी आणि तिच्यावर जगणारे घर, यांच्यामध्ये अर्ध्या मिनिटाचे वाचन उभे होते. ते वाचन कारखान्यात नऊ वर्षांत कोणी केले नाही. आणि ज्याने अखेर केले तो त्याच्या विरुद्ध बाजूचा वकील होता.

त्या छायाचित्रात त्या कागदाच्या शेजारी आणखी एक कागद दिसत होता. माझी नजर त्याच्यावर गेली आणि मी फाईल मिटली. त्या कागदाची गोष्ट मी शेवटी सांगणार आहे, कारण मला स्वतःला ती सांगावयास अजूनही जड जाते.

घरी येऊन आईला ही हकीकत सांगितली. तिने दोन्ही बाजू निमूटपणे ऐकून घेतल्या आणि कोंकणीत एवढेच म्हणाली, "सांगलें म्हूण कळ्ळें अशें ना." सांगितले म्हणजे कळले असे नव्हे. वकिलाच्या आईने दिलेला हा निकाल माझ्या निकालाहून बरोबर होता हे उमगायला मला बराच काळ लागला.

आपल्या भाषेत 'कळणे' आणि 'कळविणे' अशी दोन क्रियापदे आहेत. 'कळविणे' हे 'कळणे'चे प्रयोजक रूप; जेवविणे म्हणजे दुसऱ्याने जेवावे असे करणे, निजविणे म्हणजे दुसऱ्याने निजावे असे करणे, तसे कळविणे म्हणजे दुसऱ्याला कळेल असे करणे. मूल टक्क जागे असताना "मी त्याला निजविले" असे कोणी आई म्हणणार नाही. पण कचेऱ्यांतून मात्र "आपणांस कळविण्यात येते की" असे दररोज लिहिले जाते, आणि ज्याला कळवावयाचे त्याला कळले की नाही हे पाहावयास कोणी थांबत नाही. कायद्याला पुरावा लागतो. म्हणून त्याने कळविण्याच्या जागी फळा, टपाल आणि पोचपावती यांना बसविले. न्यायालयाला दुसरे काही करताही येत नाही, कारण माणसाच्या मनात डोकावून पाहण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. चूक होते ती मालकाची आणि त्याच्या सल्लागाराची. कायद्याने जी किमान मर्यादा घालून दिली तिलाच ते आपले संपूर्ण कर्तव्य समजतात.

शिवाय या प्रकरणात कळविणारा एकटा कारखानाच नव्हता. त्या माणसानेही कळविलेच होते. त्याच्या खेड्यात सोबत्याबरोबर धाडलेला निरोप हाच पक्का व्यवहार. लग्ने आणि मर्तिके त्यावर चालतात. कारखान्याने कागद पाठविला, तो त्याला वाचता आला नाही. त्याने निरोप पाठविला, तो कारखान्याला ऐकू आला नाही. दोघांनी आपापल्या रीतीने कळविले, आणि दोघांनाही काही कळले नाही.

माझ्याच जिल्ह्याच्या इतिहासात याहून फार मोठी आणि फार दुःखद अशी एक हकीकत आहे. १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम आणि त्यांचे सोबती निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. भांडण जमिनीचे आणि जंगलाचे होते. ते केवळ भाषेमुळे पेटले असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु दरबाराचा कारभार उर्दूत आणि ज्यांच्यावर तो चालावयाचा त्या माणसांची बोली गोंडी, हेही तितकेच खरे. त्या घटनेनंतर निजाम सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना या डोंगराळ भागात अभ्यासासाठी पाठविले. त्यांच्या पुढाकाराने १९४३ साली मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र सुरू झाले आणि गोंडीतून वाचनपुस्तके निघाली. ती नागरी लिपीत छापली गेली, कारण या भागात मराठीचा वावर होता. सरकारला प्रजेच्या बोलीत बोलण्याची बुद्धी झाली खरी, पण ती रक्त सांडल्यावर. कारखान्यांतही हाच क्रम दिसतो. संप झाला की मालक बोलू लागतो.

उलट बाजूचे उदाहरणही आपल्या मराठी मुलखात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. आणि १९२० साली तेथून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. पुढे त्याचे केवढे मोठे मासिक झाले हे मराठी वाचकाला सांगावयास नको. पण त्याचा जन्म एका कारखान्याचे पत्र म्हणून झाला, याचे मला विशेष वाटते. नांगर नि चरक तयार करणाऱ्या माणसांना असे वाटले की, आपण काय करतो आणि का करतो हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगितले पाहिजे. फळ्यावरचा कागद फक्त 'काय' सांगतो. 'का' सांगावयास वेळ द्यावा लागतो, आणि समोरचा माणूस कारण समजण्याच्या योग्यतेचा आहे हे आधी मान्य करावे लागते.

शब्द खालून वर जाण्याची कथाही मराठीच आहे. १८८४ साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारच्या आयोगापुढे गेला. आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अशा त्यांतल्या मागण्या होत्या. रविवारची सुटी मिळावयास १८९० साल उजाडावे लागले. शब्द वर चढावयास सहा वर्षे लागली! आणि त्यानंतर नव्वदाहून अधिक वर्षांनी, १९८२ च्या जानेवारीत त्याच मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा कायद्याने मान्य केलेली एक प्रातिनिधिक संघटना अस्तित्वात होतीच; पण संपावर गेलेल्यांचा भरवसा तिच्यावर उरला नव्हता. मालकांनी बोलावयाचे ते या मान्य संघटनेशी, आणि कामगार चालले होते ते दत्ता सामंतांच्या मागे. दार होते, ज्यांच्यासाठी ते ठेवले होते ते त्या दाराने आत यावयास तयार नव्हते. संपाची कारणे पुष्कळ होती, त्यांची चर्चा हे स्थळ नव्हे. माझा मुद्दा इतकाच की, तक्रारीला कागदावर वाट ठेवली म्हणजे वाट झाली असे नाही.

याबाबतीत मला आमच्या गावाकडची एक रीत आठवते. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही कारवारकडे जात असू. देवळात गाऱ्हाणे घालण्याचा प्रसंग मी प्रथम तेथे पाहिला. आपल्या वाचकांना तो नवा नाही. एक जण मोठ्या आवाजात गावाचे म्हणणे देवापुढे मांडतो, आणि जमलेली मंडळी वाक्यावाक्याला "होय महाराजा" म्हणतात. तेव्हा मला त्या गजराचीच गंमत वाटे. आज वाटते, पूर्वजांनी त्यात केवढा व्यवहार भरून ठेवला आहे! गाऱ्हाणे उघड्यावर घालावयाचे, म्हणजे ते वाटेत कोणी दडपू शकत नाही. ते सर्वांना समजेल अशा गावच्या बोलीत घालावयाचे. प्रत्येक वाक्याला होकार मिळावयाचा, म्हणजे सांगणारा आपल्या पदरचे घालीत नाही याची साक्ष राहते. आणि मग कौल लावावयाचा. उजवा मिळो की डावा मिळो, उत्तर त्याच बैठकीत मिळते. डावा कौल मिळाला म्हणून कोणी देवावर रुसून गाव सोडल्याचे मी ऐकले नाही. नकार माणूस सोसतो. सोसवत नाही तो अबोला. माझ्या अशिलाच्या कारखान्यात तक्रारपेटी होती. तिला कुलूप होते, आणि किल्ली कोणाजवळ आहे हे मला चौकशीअंतीही कळले नाही.

त्या खटल्यानंतर मी ज्या ज्या व्यवस्थापकांना सल्ला दिला त्यांना कायद्याबरोबर काही गोष्टी पदरच्या सांगत आलो आहे. नवा नियम लावला की पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसे फाटकापाशी असतात तेव्हा, तो मोठ्याने वाचावा; जितक्या बोली असतील तितक्या वेळा वाचावा. त्यासाठी दुभाषा विकत आणावा लागत नाही. प्रत्येक पाळीत दोन-तीन भाषा जाणणारा एखादा कामगार असतोच, आणि हे काम सांगितले तर तो ते मानाचे समजून करतो. वाचून झाल्यावर "समजले का?" असे विचारू नये, त्याला सारेच मान हलवितात. "आता तुम्ही सांगा, काय ठरले?" असे विचारावे, म्हणजे काय पोचले आणि काय गळाले ते लगेच दिसते. नियमाबरोबर कारण सांगावे. कामगाराचा तोंडी निरोप आला तर मुकादमाने तो तेव्हाच एका वहीत लिहावा आणि निरोप आणणाऱ्याला नोंद वाचून दाखवावी. ही चार आण्यांची वही माझ्या त्या माणसाची नोकरी वाचवू शकली असती. वाईट बातमी असेल, बोनस कमी असेल किंवा पाळी बंद व्हावयाची असेल, तर ती मालकाने स्वतःच्या तोंडाने आणि लवकर सांगावी. मालक बोलत नाही तेथे चहाची टपरी बोलते. आणि तेथे पिकलेली कंडी विझविणे कोणाच्या हातचे राहत नाही.

यावर काही तरुण व्यवस्थापक मला हसून म्हणतात की, तुमचा फळा आता गेला, आता सारे व्हॉट्सअ‍ॅपवर असते. असेल. पण मला तेथे तोच फळा दिसतो; फक्त तो भिंतीवरून खिशात आला आहे. निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या की पाठविणारा निश्चिंत होतो. त्या खुणा म्हणजे आजची पोचपावती. निरोप उघडला एवढेच ती सांगते. कायदाही बदलला आहे. १९४६ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. स्थायी आदेशांचे बंधन आता तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणीच आहे. मात्र वीस किंवा अधिक कामगार असतील तेथे दोन्ही बाजूंची सारखी माणसे असलेली तक्रार निवारण समिती नेमावी लागते. म्हणजे लहान कारखान्यावरचे लिहिण्याचे बंधन सैल झाले आणि ऐकण्याचे बंधन राहिले. हे दुसरे बंधन मालकांनी मनापासून पाळले तर पहिल्याची उणीव फारशी भासणार नाही. पण समिती म्हणजे आणखी एक कुलूपबंद पेटी झाली, तर कामगार आपला निरोप पुन्हा मुकादमाजवळ ठेवून परतेल.

आता छायाचित्रातल्या दुसऱ्या कागदाची गोष्ट. तो ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याचा सारांश होता. तोही प्रवेशद्वाराजवळ, इंग्रजीत आणि बहुसंख्यांच्या भाषेत लावावा असा तेव्हाचा नियम होता. सलग पाच वर्षे नोकरी झालेल्याला ती कोणत्याही कारणाने संपली तरी दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळावयाचे. मालमत्तेचे नुकसान, दंगा-मारहाण किंवा नीतिभ्रष्टतेचा गुन्हा यांखेरीज ती रक्कम अडविता येत नाही. वडिलांचे दिवस करावयास उशीर लावणे यांतल्या कशातच बसत नाही. शिवाय कामगाराने अर्ज केला असो वा नसो, ती ठरवून देण्याचे काम मालकाचे. त्या माणसाची नऊ वर्षे झाली होती. एकशे पस्तीस दिवसांचे वेतन, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक पगार, त्याला येणे होते. एकाच चौकटीत उजवीकडच्या कागदावर त्याची शिक्षा होती आणि डावीकडच्या कागदावर त्याचा हक्क. शिक्षा मी वाचून दाखविली. हक्क वाचून दाखविला नाही. कारण मी मालकाचा वकील होतो, आणि माझ्या अशिलाचे पैसे वाचविणे हा धर्म आहे असे मी स्वतःला त्या घटकेला समजाविले.

ते समाधान दोन महिने टिकले. मग दुसऱ्या कामासाठी मालकांची गाठ पडली तेव्हा मी विषय काढला. निरोपाची गोष्ट सांगितली आणि ग्रॅच्युइटीचीही. माझी कल्पना होती की, ते कपाळाला आठी घालतील. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "त्याचा बाप वारला होता, हे मला कोणी सांगितलेच नाही."

मी खटल्याची सारी कागदपत्रे त्यांना पाठविली होती. वारल्याचा उल्लेख त्यांत तिसऱ्या पानावर होता. मीही कळविलेच होते!

पैसे मिळाले. नोकरी मात्र परत मिळाली नाही; निकालानंतर घेतले तर इतरांना काय सांगावयाचे, अशी व्यवस्थापकांची अडचण होती, आणि तोवर त्या माणसाने नदीकाठी बटाईने जमीन धरली होती. पावतीवर सही करण्यासाठी तो कचेरीत आला तेव्हा मी मुद्दाम हजर होतो. पावती तेलुगूत होती. कारकुनाने बोटाने जागा दाखविली, पेन पुढे केले. त्याने पेन हातात घेतले, पण सही केली नाही. कागद उचलून माझ्यापुढे धरला. मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मराठीत वाचला: वर्षे किती, दिवस किती, रक्कम किती.

तो म्हणाला, "आनखी एक डाव वाचा जी."

मी पुन्हा वाचला. मग त्याने सही केली.